स्मार्ट मीटर, रात्रीचा स्वस्त दर आणि छोटा सप्लायर : यूकेतल्या मंडळींचा अनुभव हवाय

रेडिंगकर | 6 एप्रिल 2025, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. इथे यूकेत राहणारे बरेच जण आहेत म्हणून हक्काने विचारतोय, थोडं लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

2023 मध्ये रेडिंगला घर घेतलं. जिन्याखालच्या कपाटात स्मार्ट मीटर आधीपासून होता, आधीच्या मालकाने बसवलेला. ज्या वीज सप्लायरने तो बसवला ती कंपनी वीज कंपन्यांच्या 2021 च्या पडझडीत बुडाली. जानेवारीत आम्ही जुनी निसान लीफ, म्हणजे विजेवरची गाडी, घेतली. घरी 7 किलोवॅटचा चार्जर लावला आणि मग साहजिकच रात्रीच्या स्वस्त दराचा शोध सुरू केला. एका छोट्या सप्लायरचं दोन दरांचं टॅरिफ (दरयोजना) आवडलं, युनिटला दिवसा 31 पेन्स आणि रात्री 12:30 ते 7:30 या वेळेत 13 पेन्स. सध्याच्या (एप्रिल 2025) प्राइस कॅपचा, म्हणजे नियामकाने घातलेल्या कमाल मर्यादेचा, दर साधारण 27 पेन्स आहे, म्हणजे दिवसा थोडं महाग पडणार पण गाडी रात्रीच चार्जिंगला लावायची असल्याने हिशोब जमत होता. फोन केला, मीटर नंबर दिला, पलीकडची बाई म्हणाली मीटर कम्पॅटिबल आहे, काळजी नको. 10 फेब्रुवारीला बदललो.

आज दुसरं बिल आलं आणि दोन्ही बिलांत सगळी युनिटं 31 पेन्सने लावलीत. सगळी! रात्री-अपरात्री उठून गाडी लावली, वॉशिंग मशीन पहाटे चालवलं, आणि बिलात रात्र नावाची गोष्टच नाही. स्वयंपाकघरातला तो छोटा डिस्प्ले तर अजून आधीच्या सप्लायरचाच दर दाखवतोय.

प्रश्न असा की दोष मीटरचा का सप्लायरचा? बायको म्हणते गुपचूप मोठ्या कंपनीकडे जाऊ. मला मात्र आधी समजून घ्यायचंय.

---

मीटरवाचक | 6 एप्रिल 2025, रात्री 10:25

रेडिंगकर, मी लेस्टरला असतो, याच क्षेत्रात बारा वर्षं काम करतोय. दोन गोष्टी तपासून सांगा.

एक, बिलावर जिथे मोठा इंग्रजी एस आणि आकड्यांची चौकट असते ना, तिच्या वरच्या ओळीतले पहिले दोन आकडे. 01 असेल तर तुमची नोंद एकाच दराची आहे, 02 असेल तर दोन दरांची. दुसरं, मीटरच्या डोक्यावर वेगळा डबा बसवलेला आहे का, ज्यात ओळीने पाच दिवे लुकलुकतात? तो कम्स हब, मीटरचे आकडे बाहेर पाठवणारा. असेल तर मीटर एसमेट्स 2, म्हणजे दुसऱ्या पिढीचा. नसेल तर बहुतेक पहिल्या पिढीचा.

पहिल्या पिढीची गोची अशी की प्रत्येक सप्लायरने आपापली यंत्रणा लावून मीटर बसवले. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं की मीटर मुका व्हायचा, मोजायचा बरोबर पण बोलायचा नाही, म्हणजे रीडिंग नव्या सप्लायरला पाठवायचा नाही. मग डीसीसी नावाची एकच सामायिक यंत्रणा आली, नोव्हेंबर 2016 ला सुरू झाली, आणि 2019 पासून जुने मीटरही हळूहळू तिच्यात ओढले. त्यामुळे तुमचा मीटर आज बोलत असेलही. पण मीटर बोलतो याचा अर्थ तुमचा सप्लायर त्याला दोन दर शिकवू शकतो असा होत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि फोनवरच्या माणसाला बऱ्याचदा पहिल्याचंच उत्तर माहीत असतं.

---

स्लाउची_ताई | 7 एप्रिल 2025, सकाळी 8:05

रेडिंगकर दादा, अगदी कळतंय तुमचं. आमच्याकडे 2021 मध्ये छोटा सप्लायर होता, तो सप्टेंबरात बुडाला. तेव्हा कोणाचं काय सांगू, वर्षभरात जवळजवळ तीस कंपन्या गेल्या, बल्बसारखी पंधरा लाखांवर गिऱ्हाइकं असलेली कंपनीसुद्धा नोव्हेंबर 2021 ला सरकारी देखरेखीखाली गेली. मी रडकुंडीला आले होते कारण खात्यात दोनशे पौंड जमा होते. पण ते पैसे बुडाले नाहीत, ऑफजेमने, म्हणजे इथल्या ऊर्जा नियामकाने, दुसरा सप्लायर नेमला आणि सगळी शिल्लक तिकडे गेली. बुडालं ते टॅरिफ. आमचा रात्रीचा दर गेला आणि कॅपच्या दरावर आलो ते दीड वर्ष तिथेच.

तरी छोट्या कंपन्यांना सरसकट नावं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं. स्मार्ट मीटरवर वेळेनुसार दर ही कल्पना इथे घराघरांसाठी पहिली आणली ती एका छोट्याच कंपनीने, ग्रीन एनर्जी यूके, जानेवारी 2017 मध्ये, टाइड नावाचं टॅरिफ. रात्री 4.99 पेन्स, आणि आठवड्याच्या दिवशी संध्याकाळी 4 ते 7 तब्बल 24.99. ऑक्टोपसचं अजाइल 2018 ला आलं, त्यात तर दर अर्ध्या तासाला वेगळा भाव.

ती 4 ते 7 ची वेळ मात्र आपल्याला जड जाते. डिसेंबरात इथे चारलाच दिवेलागण होते, मुलं शाळेतून आलेली, कुकर लावायचा, पोळ्या टाकायच्या, सगळं त्याच तीन तासांत. मी अजाइल घेतलं आणि वर्षभरात सोडलं. ज्यांच्याकडे गाडी किंवा बॅटरी आहे त्यांनी जरूर घ्यावं, पण ज्या घराची वीज मुख्यतः संध्याकाळच्या स्वयंपाकात जाते त्यांनी आधी आपला वापर बघावा.

---

रेडिंगकर | 7 एप्रिल 2025, रात्री 8:50

मीटरवाचक, तपासलं. बिलावर 01 आहे. वेगळा पाच दिव्यांचा डबा नाही. मीटरवर बटणं दाबत गेलो तर रीडिंगचा एकच आकडा येतो, दर एक-दर दोन असं काही नाही.

सप्लायरला ईमेल केला. उत्तर आलं की "तुमचा मीटर आमच्या टॅरिफला कम्पॅटिबल नाही, बदलावा लागेल, 25 एप्रिलला माणूस येईल." फेब्रुवारीत कम्पॅटिबल होता, एप्रिलमध्ये नाही! मागच्या दोन बिलांचं काय विचारलं तर म्हणे मीटरमध्ये रात्रीचं वेगळं रीडिंगच नाही, त्यामुळे काही करता येणार नाही.

---

मीटरवाचक | 7 एप्रिल 2025, रात्री 9:30

थांबा, थांबा. मीटर काढू देण्याआधी एक काम आजच करा.

ब्राइट नावाचं फुकट ॲप आहे, डीसीसीमार्फत तुमच्या मीटरमधला अर्ध्या-अर्ध्या तासाचा वापर खेचून दाखवतं. मीटरच्या पोटात 13 महिन्यांची अर्ध्या तासाची नोंद असते. ती उतरवून ठेवा, कारण जुना मीटर भिंतीवरून निघाला की ती नोंद त्याच्याबरोबर गोदामात जाते आणि मग तुमच्याकडे पुरावा उरत नाही. शेवटच्या रीडिंगचा फोटोही काढा, माणूस समोर असताना.

आणि ॲपमध्ये जर अर्ध्या तासाचे आकडे दिसले तर समजा की मीटर ठणठणीत आहे आणि बोलतोही आहे. कमतरता असेल ती सप्लायरच्या बाजूला. मग तुम्ही ठामपणे सांगू शकता की रात्रीचं रीडिंग आहे, हे घ्या. आठ आठवड्यांत त्यांनी तोडगा काढला नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं, पैसे लागत नाहीत.

(माझ्या घरी सिक्युअर कंपनीचा मीटर आहे. पहिल्यांदा बसवायला हातात आला तेव्हा शोधलं तर कंपनी मूळची उदयपूरची निघाली. इथल्या कितीतरी घरांच्या कपाटात तो बसलाय. उगाच आनंद झाला होता म्हणून सांगितलं.)

---

खडकी_ते_क्रॉयडन | 8 एप्रिल 2025, दुपारी 1:15

मला एक कळत नाही, जर मीटर अर्ध्या तासाचा वापर मोजतोच, तर छोटे सप्लायर सरळ त्यावरून बिल का करत नाहीत? ऑक्टोपसला जमतं मग यांना का नाही? हे एक रजिस्टर दोन रजिस्टर, म्हणजे मीटरमध्ये रीडिंगचे एक का दोन आकडे, कशाला मध्ये?

---

मीटरवाचक | 8 एप्रिल 2025, रात्री 8:10

फार चांगला प्रश्न विचारलात, सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

कॉलेजच्या मेसमध्ये महिन्याचा खर्च सगळ्यांत सारखा वाटतात ना, तसं आजवर इथल्या बहुतेक घरांचं चालत आलंय. सप्लायर घाऊक बाजारातून जी वीज घेतो तिचा हिशोब दर अर्ध्या तासाला होतो, हे काम एलेक्सॉन नावाची कंपनी बघते. पण तुमच्या घराने नेमकी कुठल्या अर्ध्या तासाला किती वापरली हे त्या हिशोबात धरतच नाहीत, एक ठरलेली सरासरी घेतात, 01 म्हणजे साध्या घराची सरासरी. मग तुम्ही रात्रभर गाडी लावली तरी सप्लायरच्या नावावर वीज पडते ती सरासरी घराच्या वेळेप्रमाणे, म्हणजे संध्याकाळच्या महाग तासांतलीही. त्याला तुमच्या शहाणपणाचा काडीचा फायदा नाही, तर तो तुम्हाला कुठून देणार?

घराचा खरा अर्ध्या तासाचा हिशोब लावायची मुभा 2017 पासून आहे, पण त्यासाठी रोजचे 48 आकडे प्रत्येक घरातून आणायचे, तपासायचे, राहिलेले भरायचे, पुढे पाठवायचे. मोठ्यांनी त्यासाठी स्वतःची सॉफ्टवेअरं बांधली. छोट्याला ते परवडत नाही, म्हणून तो जुनी इकॉनॉमी 7 ची, रात्रीच्या सात तासांच्या स्वस्त दराची, वाट धरतो, म्हणजे 02 नोंद आणि मीटरमध्ये दोन रजिस्टरं, दिवसाचं एक रात्रीचं एक. ती पद्धत 1978 पासूनची आहे, सगळ्यांच्या यंत्रणेत बसते. पण मग मीटरला दूरवरून दोन रजिस्टरांचं वेळापत्रक पाठवता आलं पाहिजे, आणि पहिल्या पिढीच्या मीटरांबाबत सगळ्या छोट्या सप्लायरांना ते जमत नाही. रेडिंगकरांचं घोडं इथेच अडलंय असा माझा अंदाज.

आता सगळ्याच घरांना अर्ध्या तासाच्या हिशोबात आणायचं काम यंदा सुरू होतंय, 2027 पर्यंत पुरं करायचं ठरलंय. मला त्याची खरंच आस आहे. तेव्हा छोट्या सप्लायरालाही वेळेनुसार दर देण्यात अर्थ असेल.

---

ग्लासगोकर | 9 एप्रिल 2025, रात्री 11:00

उत्तरेकडच्यांसाठी भर घालतो. तुमच्याकडे दक्षिणेत मीटर मोबाइलच्या नेटवर्कवरून बोलतो, आमच्याकडे स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये लांब पल्ल्याच्या रेडिओवरून. त्यामुळे शेजाऱ्याचा मोबाइल लागतो म्हणून मीटरही बोलेल असं इथे धरता येत नाही. शिवाय आमची जुनी दगडी चाळवजा इमारत, मीटर तळमजल्यावरच्या सामायिक कपाटात आणि घर तिसऱ्या मजल्यावर, घरातल्या डिस्प्लेपर्यंत सिग्नलच पोचत नव्हता. आता 868 मेगाहर्ट्झवरही बोलणारा हब मिळतो, तो लावल्यावर पोचला. भाड्याने किंवा विकत घर बघताना मीटर कुठे आहे हेही बघत जा.

आणि एक कळकळीची विनंती. ज्यांच्याकडे, किंवा ओळखीच्या वयस्कर लोकांकडे, जुना रेडिओ टेलिस्विचवाला मीटर आहे त्यांनी लगेच सप्लायरला फोन करा. बीबीसीच्या रेडिओ 4 च्या 198 किलोहर्ट्झच्या लाँगवेव्हवर बसून एक न ऐकू येणारा इशारा देशभर जातो, त्यावर हे मीटर रात्रीचा दर आणि स्टोरेज हीटर (रात्री तापून दिवसा ऊब देणारे) चालू-बंद करतात. ती सेवा 30 जून 2025 पासून टप्प्याटप्प्याने बंद होतेय. माझ्या खालच्या मजल्यावर 84 वर्षांच्या आजी राहतात, त्यांचं सगळं गरम पाणी आणि हीटिंग यावर. त्यांना आलेली तीन पत्रं दारामागे न उघडता पडली होती. परवा बसून मीच त्यांचा फोन लावून दिला.

---

स्लाउची_ताई | 10 एप्रिल 2025, सकाळी 7:50

ग्लासगोकर, आजींसाठी केलंत ते फार छान. स्टोरेज हीटरवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, मीटरला बाहेर जाणाऱ्या वायरी मोजा. पाच जोडण्यांचा मीटर असेल, म्हणजे हीटरची लाइन वेगळी असेल, तर नवा मीटरही तसाच हवा हे आधीच बजावून सांगा. माझ्या मैत्रिणीकडे माणूस साधा मीटर घेऊन आला आणि काम न करता परत गेला, पुढची तारीख पाच आठवड्यांनी.

---

रेडिंगकर | 11 मे 2025, रात्री 10:15

धागा वर काढतोय. बरंच काही घडलंय.

ब्राइट ॲप टाकलं, तिसऱ्या दिवशी आकडे उतरले. 10 फेब्रुवारीपासून प्रत्येक अर्धा तास, एकही भोक नाही. म्हणजे मीटर पहिल्या दिवसापासून बोलत होता. 25 ला नवा मीटर बसला, वर पाच दिव्यांचा डबा, बिलावर 02 आलं. मी 10 फेब्रुवारी ते 25 एप्रिलच्या रात्रींचा तक्ता करून पाठवला. रात्री 12:30 ते 7:30 मधली एकूण 412 युनिटं, फरक 18 पेन्सचा, म्हणजे 74 पौंड 16 पेन्स. तीन दिवसांत उत्तर आलं आणि हे मुद्दाम सांगतो, उत्तर एका माणसाचं होतं, त्याने तक्ता वाचला होता, माफी मागितली. छोट्या कंपनीत हे सुख आहे. पण त्याच्या हिशोबाने युनिटं 347. फरक द्यायला तयार, पण 62 पौंड 46 पेन्स.

65 युनिटं कुठे गेली? दोन संध्याकाळी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बसलो. फेब्रुवारी जुळतो. मार्च जुळतो. 30 मार्चपासून फाटतं. आणि 30 मार्चला पाडवा होता, त्या दिवशी गुढी उभारायला उशीर झाला म्हणून आईचं व्हिडिओ कॉलवर बोलणं खाल्लं होतं मी. त्याच पहाटे घड्याळ एक तास पुढे गेलं होतं!

तरी खात्री करायची म्हणून परवा रात्री जिन्याखाली जाऊन बसलो. गाडी 12:30 ला सुरू झाली, चार्जरची घरघर ऐकू येते. टॉर्च तोंडात धरून मीटरचं बटण दाबत राहिलो. 12:40, दिवसाचं रजिस्टर चालतंय. 1:00, दिवसाचंच. 1:25, दिवसाचंच, जवळजवळ साडेसहा युनिटं वाढली. 1:31 ला दिवसाचा आकडा थांबला आणि रात्रीचा हलला. तिथेच बसून राहिलो थोडा वेळ.

म्हणजे मीटरला उन्हाळा कळत नाही. तो बारा महिने ग्रीनिचच्या वेळेवर चालतो, त्याचं 12:30 म्हणजे आत्ता आपलं 1:30. मी आठवड्यातून तीनदा गाडी लावतो, दर वेळी पहिला तास 7 युनिटं दिवसाच्या दराने, म्हणजे रात्रीला 1 पौंड 26 पेन्स फुकट जात होते. आणि सकाळी 7:30 ते 8:30 स्वस्त दर चालू असताना आम्ही वॉशिंग मशीन बंद करून बसलेलो.

---

मीटरवाचक | 11 मे 2025, रात्री 10:50

मला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, चुकलंच. स्मार्ट मीटरच्या आतलं घड्याळ ग्रीनिचच्याच वेळेवर असतं. अर्ध्या तासावरून बिल करणारे सप्लायर आपल्या संगणकात तास सरकवून घेतात म्हणून गिऱ्हाइकाला कळत नाही. दोन रजिस्टरांच्या टॅरिफमध्ये मात्र मीटर जेव्हा कूस बदलेल तेव्हाच दर बदलतो. टॅरिफच्या पानावर वेळेपुढे जीएमटी लिहिलंय का बघा. नसेल तर ती 65 युनिटंही मागा, कारण तुम्हाला सांगितलेली वेळ तुम्ही पाळलीत.

---

रेडिंगकर | 24 मे 2025, सकाळी 11:20

पानावर लिहिलेलं नव्हतं, अटींच्या चौदाव्या पानावर होतं. सगळं लिहून पाठवलं, मीटरचे वेळेसकट फोटो जोडले. उरलेले 11 पौंड 70 पेन्सही जमा केले, आणि आता त्यांच्या टॅरिफच्या पहिल्याच पानावर उन्हाळ्याची वेळ वेगळी छापलीय. ते वाचून जास्त बरं वाटलं, कारण माझ्यासारखे कितीतरी जण रोज रात्री 12:30 ला गाडी लावत असतील.

डिस्प्लेही नव्या दरावर आला. सप्लायर बदलणार नाही.

---

गोदाकाठ | 6 जुलै 2025, संध्याकाळी 6:30

मी दोन वर्षांपूर्वी कॉव्हेंट्रीला आले, आईबाबा नाशिकला. त्यांच्याकडे महावितरणचा टीओडी, म्हणजे वेळेनुसार दराचा, स्मार्ट मीटर बसलाय आणि 1 जुलैपासून घरगुती ग्राहकांनाही सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे सवलत सुरू झाली, पुढे ती वाढत 1 रुपयापर्यंत जाणार. आपल्याकडे उलटं आहे बघा, इथे रात्र स्वस्त कारण वारा रात्रीही वाहतो आणि मागणी कमी असते, तिकडे दुपार स्वस्त कारण सौरऊर्जा भरपूर. बाबा फोनवर विचारत होते की पाण्याची मोटर पहाटे पाचला लावायची सवय सोडू का. हा धागा वाचून मी त्यांना म्हटलं, एकदा मोटर 10 ला लावा, आधी आणि नंतर मीटरचा फोटो काढा, आणि बिल आलं की त्याच्याशी ताडून बघा. तिथे घड्याळ पुढेमागे होत नाही एवढं बरं.

---

मीटरवाचक | 6 जुलै 2025, रात्री 9:05

बाबांना सांगा अगदी बरोबर. पाणी 10 ला येत असेल तर मोटर दहालाच.

रेडिंगकर, भाऊबीज झाली की लगेचचा रविवार, 26 ऑक्टोबर. त्या दिवशी गाडीचा टायमर परत 12:30 वर आणायचा. आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा.

---

रेडिंगकर | 6 जुलै 2025, रात्री 9:20

टाकलं. बायकोच्याही फोनमध्ये टाकलं.